ऑफिसातला वाय-फायवरचा फोन लागत नाही, लागला तर तुटतो: समस्या निवारण

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते लगेच कळेल.

फोन हातात आहे, ऑफिसच्या कॉलच्या ॲपवर हिरवा ठिपका आहे, म्हणजे ते एक्स्चेंजला, आतले कॉल जोडून देणाऱ्या पेटीला, जोडलेलं दिसतंय. तरी रिंग वाजत नाही आणि स्क्रीन उघडली की तीन मिस्ड कॉल एकदम पडतात. किंवा कॉल लागतो, पण समोरच्याचं सगळं ऐकू येतं आणि आपलं त्याला काहीच नाही. किंवा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, शब्दांची शेपटं गळतात. बोलत बोलत जिना उतरलं की कॉल जातो. काही वेळा कॉल उत्तम चालतो आणि दर वेळी अर्ध्या मिनिटाच्या जरा पुढे, घड्याळ लावल्यासारखा कटतो. आणि कधी कधी सगळ्यांचेच फोन एकदम मुके होतात.

यातलं एक जरी तुमच्याकडे महिन्यातून दोनदा होत असेल तर पुढचं वाचा. मी हे सगळे प्रकार हाताने दुरुस्त केलेत, काही तर दहा-दहा वेळा.

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. पुढे दुमजली ऑफिस, मागे पत्र्याची लांब शेड, शेडच्या टोकाला डाइंग, म्हणजे सूत रंगवायचा विभाग. पत्र्याखाली मोबाइल कंपनीची रेंज धड येत नाही. पॅकिंगवाल्या मामांना एक प्रश्न विचारायचा तर कुणीतरी पळत जायचं. म्हणून मालकांनी ऑफिसात एक छोटं एक्स्चेंज बसवलं, जागोजागी वाय-फायचे पाच डबे लावले आणि प्रत्येकाच्या साध्या मोबाइलमध्ये ॲप टाकून तीन आकडी नंबर दिला. मी इथे हिशेब बघते. एक्स्चेंजची पेटी माझ्या टेबलामागच्या रॅकमध्ये, त्यामुळे तक्रार पहिली माझ्याकडे येते, आणि हळूहळू ते काम माझंच झालं.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, कारण पुढचा सगळा तपास तिच्यावर उभा आहे. हे आपलं खासगी, कमी ताकदीचं फोन नेटवर्क आहे. परदेशात काही ठिकाणी अशा कामासाठी मोबाइलच्याच लहरींचा एक छोटा पट्टा मोकळा केला गेला. ब्रिटनमध्ये २००६ साली १८०० मेगाहर्ट्झजवळच्या अशा पट्ट्याचे १२ परवाने दिले गेले आणि ताकदीची मर्यादा होती २०० मिलिवॉट. इमारतीपुरतं मोबाइल नेटवर्क, बाहेर फारसं न जाणारं. आपल्याकडे दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये बंदिस्त खासगी नेटवर्कसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण तो मामला मोठ्या कारखान्यांचा, बंदरांचा. आपल्यासारख्या ऑफिसला विनापरवाना वापरता येणाऱ्या लहरी म्हणजे वाय-फायच्या: २.४ गिगाहर्ट्झ २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ पासून. यात ताकद कमीच असते आणि कमीच हवी. रेंज कमी पडली की ताकद वाढवायची, हा पहिला विचार मनात येतो आणि बहुतेक वेळा तोच बिघाड वाढवतो. ते कसं, ते पुढे सांगते.

काहीही हलवण्याआधी तीन प्रश्न

एकाचाच फोन बिघडलाय की सगळ्यांचे? एकाच जागी होतं की सगळीकडे? ठरावीक वेळी होतं की केव्हाही? माझ्याकडे एक साधी वही आहे. तारीख, वेळ, कुणाचा फोन, कुठे उभे होते, काय झालं. तक्रार करायला आलेल्या माणसाला मी आधी हे पाच रकाने भरायला लावते. "ताई, फोन खराब आहे" एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही, पण "गेल्या पाच तक्रारींपैकी चार जिन्यापाशी" असं वहीत दिसलं की अर्धं काम झालेलं असतं. खर्च शून्य, म्हणून हे पहिलं.

एकाचाच असेल तर दोष त्याच्या मोबाइलमध्ये शोधा. एकाच जागी अनेकांना होत असेल तर तिथल्या डब्यात किंवा भिंतीत. सगळ्यांना सगळीकडे होत असेल तर लाइट, राउटर किंवा एक्स्चेंज.

तपास पहिला: हातातला मोबाइल

पैसा लागत नाही, पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या वहीतल्या सर्वाधिक तक्रारी इथेच मिटतात.

रिंग न येण्याचं मुख्य कारण बॅटरी वाचवण्याची सोय. स्क्रीन बंद होऊन थोडा वेळ गेला की अँड्रॉइड मागे चालणारी ॲप झोपवतो. आपलं ॲप झोपलं की एक्स्चेंजला वेळोवेळी "मी इथे आहे" असं कळवायचं राहून जातं. एक्स्चेंज थोडा वेळ वाट पाहतं आणि त्या नंबरला गैरहजर धरतं. स्क्रीन उघडली की ॲप जागं होतं, हिरवा ठिपका येतो, आणि माणूस म्हणतो, "बघा की, जोडलेलंच आहे." म्हणून सेटिंगमध्ये त्या ॲपपुढे बॅटरीचा पर्याय "अनरिस्ट्रिक्टेड" करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की हे कधी कधी परत पूर्वीसारखं होतं, म्हणून अपडेटनंतर पुन्हा बघा.

दुसरं कारण ओळखायला मला दोन वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या रस्त्यावर खोदकाम झालं की ब्रॉडबँडची केबल तुटते. एकदा अशीच तुटली आणि आतले फोनही गेले. सगळे म्हणाले, नेट नाही तर फोन कसे चालणार. पण एक्स्चेंज आमच्याच रॅकमध्ये आहे! पॅकिंगचा कॉल अकाउंट्सला यायला बाहेरचं नेट लागतच नाही. मग बिघडलं कुठे? मोबाइलला कळलं की या वाय-फायवर इंटरनेट नाही, आणि तो आपल्या हुशारीने सिमच्या डेटावर गेला. सिमच्या डेटावरून १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता सापडणं शक्यच नाही. नेटवर्क ठीक, एक्स्चेंज ठीक, डबे ठीक, आणि फोन मात्र दाराबाहेर जाऊन उभा. वाय-फायच्या सेटिंगमध्ये "नेट नसेल तर आपोआप मोबाइल डेटावर जा" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा. तेव्हापासून केबल तुटली तरी आमचे आतले कॉल चालतात.

आता एकतर्फी आवाज, तोही एकाच माणसाचा. ॲपला माइकची परवानगी आहे का ते बघा. ती अपडेटनंतर किंवा ॲप बरेच दिवस न वापरल्यास काढून घेतली जाते. मग ब्लूटूथ बघा. कानातलं यंत्र बॅगेत चालू राहिलेलं असतं आणि आवाज तिकडे जात असतो.

आणि मग फोन उलटा करून खालची कड बघा. हे आमच्या गावच्या धंद्याचं खास दुखणं. पॅकिंगमध्ये दिवसभर टेरीचे बारीक तंतू उडत असतात. एका मामांचा फोन मी खिडकीपाशी नेऊन तिरका धरला, तर माइकच्या टाचणीएवढ्या भोकात राखाडी नमद्यासारखा गोळा बसला होता, घामाने आणि तेलाने घट्ट झालेला. चार्जिंगच्या खाचेतही तसाच थर. जुन्या मऊ टूथब्रशने, कोरड्याने, बाहेरच्या बाजूला झाडत काढायचा. टाचणी किंवा सुई घालू नका, आतला पडदा फाटतो. तोंडाने फुंकूही नका, ओलावा आत जातो. त्या दिवशी त्यांचा आवाज ऑफिसात असा स्पष्ट आला की समोरच्या मॅडमनी फोन कानापासून लांब धरला. आता दर शनिवारी पॅकिंगचे सगळे फोन झाडून घेतो.

तपास दुसरा: लाइट आणि सुरू होण्याचा क्रम

सगळ्यांचे फोन एकदम गेले, तेही लाइट जाऊन आल्यावर, तर इथे बघा.

लाइट आली की राउटर, स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी), एक्स्चेंज सगळे एकदम उठतात. राउटर प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवरचा पत्ता वाटायला तयार व्हायच्या आत एक्स्चेंज उठलं तर त्याला पत्ता मिळत नाही, किंवा कालचा सोडून दुसराच मिळतो. सगळे मोबाइल जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतात. तात्पुरता इलाज: राउटर चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग स्विच, मग एक्स्चेंज. कायमचा इलाज: राउटरमध्ये एक्स्चेंजसाठी एक पत्ता राखून ठेवा. कुणाकडून तरी एकदा करून घेतलं की संपलं. नुसतं बंद-चालू करून जे सुटतं ते परत येतंच, म्हणून बंद-चालू करण्याआधी दिवे बघून लिहून ठेवा: कुठला हिरवा, कुठला लाल, कुठला विझलेला. एकदा बंद केलं की तो पुरावा जातो.

यूपीएसची बॅटरीही याच वेळी तपासा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो आणि आमची रॅक पश्चिमेच्या भिंतीला होती. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा अंदाज असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. भिंतीजवळची आमची बॅटरी वर्षभरात फुगली. रॅक उत्तरेच्या खोलीत हलवल्यावर तशीच बॅटरी टिकू लागली. पत्र्याला लागून बसवलेल्या वाय-फायच्या डब्याचंही तेच. उन्हाने लहरी कमी होत नाहीत, पण डबा तापतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास आपोआप बंद-चालू होत राहतो. वहीत तक्रारी दुपारच्याच असतील तर डबा पत्र्यापासून दोन-तीन फूट खाली घ्या आणि त्याच्या जाळीतले तंतू झाडा.

तपास तिसरा: चालून बघा

मोबाइलमध्ये वाय-फायची रेंज आकड्यात दाखवणारं फुकट ॲप टाका आणि ज्या ज्या जागी लोक बोलतात तिथे चाला. आकडा उणे डीबीएममध्ये येतो; डीबीएम हे लहरींची ताकद मोजायचं माप. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. बोलण्यासाठी उणे ६७ किंवा त्याहून बरा हवा. उणे ७५ ला व्हिडिओ चालतो, बातम्या उघडतात, आणि म्हणून लोक म्हणतात की वाय-फाय तर आहे. पण व्हिडिओ पुढचं आधी साठवून ठेवतो, बोलण्याला ती सवलत नाही. आवाजाचे तुकडे सेकंदाला ५० जातात. हरवलेला तुकडा परत मागवेपर्यंत पुढचा शब्द येऊन गेलेला असतो.

लोखंडी कपाटामागे डबा आहे का? दगडी भिंत मध्ये आहे का? नवी पेठेत किंवा बाळीवेशीत जुन्या वाड्यात ऑफिस असेल तर दोन-दोन फुटी भिंती पाच गिगाहर्ट्झला आडव्या येतातच. तिथे प्रत्येक खोलीचा विचार वेगळा करावा लागतो. आमच्याकडे गोदामाची तक्रार काही आठवडे असायची आणि काही आठवडे नसायची. वही आणि डिस्पॅचचं रजिस्टर शेजारी ठेवलं तेव्हा कळलं: माल जाण्याआधी गाठींची थप्पी डब्याच्या समोर छतापर्यंत चढायची. सुती मालात ओलावा असतो, आणि ओलावा या लहरी पितो. कंटेनर गेला की फोन सुधारायचा. डबा थप्पीच्या वर, वाटेच्या मधोमध आणला. खर्च चार मीटर केबलचा.

लॅपटॉपवरून एक्स्चेंजला पिंग लावून ठेवणंही याच वेळी करा. पिंग म्हणजे छोटी हाक पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. आतल्या आत उत्तर दोन-पाच मिलिसेकंदात यायला हवं. मधूनच दोनशे, मधूनच गायब असं दिसलं तर आवाज तुटणारच. आधी वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरून बघा, मग वाय-फायवरून. वायरवर स्वच्छ आणि वाय-फायवर खराब, तर दोष हवेतला. दोन्हीकडे खराब, तर स्विच किंवा केबल.

तपास चौथा: ताकद कमी करा

जिन्यात कॉल कटतो, रेंजच्या काड्या भरलेल्या असूनही समोरच्याला ऐकू जात नाही, या दोन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

फोन म्हणजे दोघांचं बोलणं. वाय-फायचा डबा २०० मिलिवॉटने, म्हणजे २३ डीबीएमने बोलत असेल तर मोबाइलला तो लांबून स्वच्छ ऐकू येतो आणि काड्या भरतात. पण मोबाइलची स्वतःची ताकद साधारण ३० मिलिवॉट. त्याची हाक डब्यापर्यंत पोचत नाही. गिरणीचा भोंगा सगळ्या गावाला ऐकू जायचा, पण गावातून कुणी हाक मारली तर ती गिरणीत कुठे ऐकू जायची? काड्या फक्त भोंगा मोजतात, आपली हाक मोजत नाहीत.

दुसरा तोटा चालताना. मी पहिल्या मजल्यावरून बोलत खाली उतरते. खालचा डबा आता माझ्या डोक्यावर आहे, पण वरचा इतका जोरात ओरडतोय की मोबाइलला वाटतं अजून त्याच्याशीच जमतंय. तो सोडत नाही. दाराशी गेल्यावर एकदम तुटतं, आणि नव्या डब्याला जोडून घेईपर्यंत कॉल गेलेला असतो. कुठल्या डब्याला चिकटायचं हे मोबाइल ठरवतो, डबा नाही. म्हणून मोबाइलला वेळेवर सोडावंसं वाटेल एवढीच प्रत्येक डब्याची ताकद ठेवायची.

आमच्याकडे बसवणाऱ्याने पाचही डबे "हाय" वर ठेवले होते. तक्रार केली की तो म्हणायचा, आणखी एक बूस्टर लावू. एका रविवारी मी धीर करून पाचही "मीडियम"वर आणले, २.४ गिगाहर्ट्झची ताकद १४ डीबीएमच्या आसपास, ५ ची त्याहून थोडी वर. डाइंगमधल्या अण्णांना फोन लावला, त्यांना बोलत बोलत शेडमधून ऑफिसपर्यंत चालत यायला सांगितलं. ते अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत, दोरे मोजल्यासारखे आकडे मोजत आले. एकही आकडा गळला नाही. वर्षभर रोज होणारी जिन्याची तक्रार त्या आठवड्यात वहीत एकदाच आली.

ताकद कमी केल्यावर मध्ये पोकळ जागा उरली तर तिथे आणखी एक डबा लावा, तोही कमी ताकदीचा. डब्यांची संख्या वाढवणं महाग वाटतं, पण या कामात तेच बरोबर आहे. सगळ्या डब्यांचं नाव आणि पासवर्ड मात्र एकच ठेवा. झटपट बदलीची सोय, ८०२.११ आर नावाची, डब्यात असेल तर चालू करून बघा. काही जुने मोबाइल तिने बिथरतात, त्यांना जोडणंच जमत नाही. तसं झालं तर ती बंद करा.

तपास पाचवा: चॅनल

चॅनल म्हणजे लहरींच्या पट्ट्यातली एकेक वाट. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न घासणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारशेजारच्या डब्यांना वेगवेगळे द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. जेवणाच्या सुट्टीतच आवाज तुटत असेल तर कँटीनचा मायक्रोवेव्ह बघा. तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो.

शक्य तितके फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या, पण ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या चॅनलवर. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्या चॅनलवर रडारची चाहूल लागली की डबा लगेच जागा सोडतो आणि चालू कॉल पडतो. हे सोलापूरकरांना फार लांबचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्याकडे ढगांत बीज पेरण्याचा प्रयोग केला, तेव्हा इथे सी-बँड रडार बसवलं होतं, आणि त्या जातीची हवामान रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. बोलण्याच्या कामाला त्या चॅनलचा धोका पत्करू नये.

तपास सहावा: केबल

थोडक्यात. केबल पूर्ण तांब्याची हवी. वरून तांब्याचा मुलामा असलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल लांब पल्ल्यावर डब्याला पुरेशी वीज पोचवत नाही, आणि डबा कामाच्या गर्दीत बंद पडतो. एक सलग तुकडा १०० मीटरपेक्षा लांब नको. शेडमध्ये उंदीर कुरतडतात, पाइपातून न्या. टोकाचा जोड हिरवा पडला असेल तर कापून नवा लावा.

तपास सातवा: राउटर आणि एक्स्चेंजच्या सेटिंग

इथून पुढे बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. बिघडलं तर परत पूर्ववत करता आलं पाहिजे.

अनेकांना एकतर्फी आवाज येतोय आणि तेही एकाच भागात, तर तिथे कुणी दुसरा राउटर लावलाय का ते शोधा. आमच्या डाइंगमध्ये एका मुलाने घरचा राउटर आणून रेंज वाढवली होती. हेतू चांगला होता, पण केबल त्याने "वॅन" लिहिलेल्या, बाहेरच्या नेटसाठी असलेल्या खाचेत घातली. त्यामुळे डाइंगचं एक वेगळंच घर तयार झालं, ज्याचे आतले पत्ते एक्स्चेंजला माहीत नाहीत. फोन आपल्या निरोपात स्वतःचा पत्ता लिहून पाठवतो. एक्स्चेंज त्या पत्त्यावर आवाज पाठवायला जातं आणि तो पत्ता त्याच्या बाजूला अस्तित्वातच नसतो. केबल "लॅन"च्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या खाचेत घाला, त्या राउटरचं पत्ते वाटणं बंद करा, प्रश्न मिटतो.

कुणी घरून किंवा दुकानातून एक्स्चेंजला जोडत असेल आणि त्यालाच त्रास असेल तर राउटरमधलं "सिप एएलजी" बंद करा. ही सोय निरोपातले पत्ते मध्येच खोडून दुरुस्त करायला बघते आणि पुष्कळदा चुकीचे करते. अर्ध्या मिनिटाने कटणाऱ्या कॉलचं मूळही यातच असतं. फोन उचलल्यावर "उचलला" हा निरोप जातो आणि "कळलं" ही पोच परत यावी लागते. पोच वाटेत हरवली तर उचलणारी बाजू ३२ सेकंद पुन्हा पुन्हा विचारते आणि मग कॉल सोडते. म्हणून वेळ मोजून बघा. दर वेळी ३२ च्या आसपास असेल तर रेंजकडे बघूच नका.

नेटचा वेग वाढवून घ्या असं कुणी सुचवलं तर पैसे घालवण्याआधी हिशेब करा. एका कॉलला एका दिशेने ९० किलोबिटच्या आत लागतात. दहा कॉल म्हणजे एक मेगाबिटही नाही, आणि आतल्या कॉलना तर बाहेरचं नेट लागतच नाही. सीसीटीव्हीचे कॅमेरे त्याच वाय-फायवर असतील तर ते वायरवर हलवा, आणि डब्यात "डब्ल्यूएमएम" चालू आहे का बघा. त्याने आवाजाला रांगेत पुढे जागा मिळते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रॅकला किंवा डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर लगेच हात काढा, कुणालाही शिवू देऊ नका आणि वायरमन बोलवा. अर्थिंगचा दोष आहे. तो फोनवाल्याचा विषय नाही, तुमचा-माझा तर नाहीच. वीज पडल्यावर एकदम दोन-तीन उपकरणं गेली असतील तरीही आधी वायरमन. शेडच्या कैच्यांवर, चालत्या मागांवर शिडी लावून कुणालाही चढवू नका. माग बंद करून, सवयीच्या माणसाकडूनच डबा हलवून घ्या.

एक्स्चेंजच्या यादीत रात्री दोन-तीनला परदेशी नंबरचे कॉल दिसले तर कुणीतरी बाहेरून शिरलंय. एक्स्चेंजची बाहेरची तार काढा, लाइन देणाऱ्या कंपनीला कळवा, आणि जाणकाराकडून सगळे पासवर्ड बदलून मगच जोडा. यात घरगुती प्रयोग नको, रात्रीत मोठं बिल होतं.

आतलं नेटवर्क बाहेरच्या फोन लाइनला किंवा सिमला जोडायचं असेल तर ते स्वतः करू नका. त्याला सरकारी नियम आहेत. परवानाधारक कंपनीकडूनच करून घ्या. आणि मोबाइल कंपनीची रेंज वाढवणारा बूस्टर बाजारात कितीही सहज मिळाला तरी आणू नका. तो परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याच्या गोंगाटाने आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडतात. ती तक्रार मोबाइल कंपनीकडेच करायची.

वरचे सातही तपास झाले, वहीत दोन आठवड्यांच्या नोंदी आहेत आणि तरी तक्रार येते, तर वाय-फायची पाहणी करणारा तज्ज्ञ बोलवा. बोलवताना "बूस्टर लावायचा" असं सांगू नका. वही, सेटिंगचे फोटो, पिंगचा निकाल आणि चालून घेतलेले आकडे त्याच्या हातात द्या. आमच्याकडे आलेला माणूस एरवी दोन दिवस घेतो, त्या दिवशी दुपारच्या आत गेला. स्विचचं एक पोर्ट मरत आलं होतं.

एक काम मात्र आजच करा. आतल्या ॲपवरून ११२ लावला तर तो पोलीस किंवा रुग्णवाहिकेपर्यंत पोचेलच असं नाही. आमच्या प्रत्येक फोनच्या मागे मी कागद चिकटवलाय: अडचणीत सिमवरूनच ११२, शेडमध्ये रेंज नसेल तर गेटकडे पळा. गेटवर वॉचमनकाकांच्या खोलीत तारेचा साधा लँडलाइन ठेवलाय, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याची डायल टोन ऐकून वहीत सही करते.